कानबाईले चालत नही

देवीच्या नावावर धडधडीत खोटं बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी सात वर्षं भाड्याने राहिले. गाव तळोद्याकडचं, सपाटीवरचं. केळी, ऊस, पपईची शेतं, आणि त्यांच्या मागे सातपुडा. मी सांगलीकडची. विज्ञान शिकवायला त्या गावच्या हायस्कूलात रुजू झाले तेव्हा मला अहिराणीचा एक शब्द कळत नव्हता, आणि देवधर्म म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडत.

घरमालकांना सगळं गाव आबा म्हणायचं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी अक्कलकुवा-मोलगीच्या घाटात आणि खापरकडच्या फेऱ्यांमध्ये गेली होती. निवृत्तीनंतरही ते खाकी शर्टच शिवून घेत. कुणाच्याही घरी गेले तरी दाराजवळच बसत. समोरच्याचं बोलणं पुरे झालं असं वाटलं की हात वर करून हवेतली दोरी दोनदा ओढत आणि उठून चालू लागत. पहिल्यांदा माझं वाक्य अर्ध्यावर असताना त्यांनी ही दोरी ओढली तेव्हा मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. पुढे मुख्याध्यापकांच्या बाबतीतही तेच झालं, मग माझं दुःख कमी झालं.

खोली देण्याआधी त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. "मास-मच्छी खातस का?" मी हो म्हटलं. "खा. देव मानतस का?" मी जरा ताठ मानेने नाही म्हटलं. "बेस," आबा म्हणाले, "मंग कानबाईना दिनले आम्हनासंगे भांडू नका." आणि किल्ली हातावर ठेवली.

बायको वारलेली. आबा स्वतः स्वयंपाक करत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ते अशी थापत की शेजारच्या बायका कुंपणापलीकडून बघत. कंडक्टर म्हणून त्यांची एक गोष्ट गावात अजून सांगतात. बायको माहेरी निघाली तर आबांनी तिचं पूर्ण तिकीट फाडलं, आणि वाटेत डोक्यावर ओझं घेतलेली एक डोंगरातली बाई चढली तेव्हा बायकोला उठवून तिला जागा दिली. बायको घाटभर उभी. ती माउली ही गोष्ट मरेपर्यंत सांगायची, कधी रागाने, कधी तोऱ्यात.

पण आबांचा खरा दरारा होता तो कानबाईमुळे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. आबांच्या भाऊबंदांची, म्हणजे एका कुळातल्या तीस-पस्तीस घरांची, कानबाई एकच, आणि ती आबांच्या ओसरीवर. तिचा प्रसाद म्हणजे रोट. त्यासाठी आदल्या दिवशी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. तो गहू एकत्र दळायचा आणि कुळातल्या सुनांनी रोट लाटायचे. तो रोट भाऊबंदांखेरीज कुणी खायचा नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली तो कुळातला. ज्याची पडली नाही तो, समजा, नाहीच. आणि मूठ आबांची. त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडे दिलेली. आबा नाव घेत, मूठ भरत, वर चिमूटभर सव्वाची टाकत, आणि सगळे श्वास धरून बघत. मीही पायरीवर बसून बघायचे. गव्हाच्या ढिगाला माणसं इतकी घाबरतात हे पाहून पहिल्या वर्षी मी चाटच पडले होते.

त्याच वर्षी आबा मुठी भरता भरता थांबले आणि सहज म्हणाले, "ज्या घरनी बाई उघड्यावर जास, त्या घरना गहू कानबाईले चालत नही." बस, एवढंच. पंचायतीने भिंती रंगवल्या होत्या, साहेब येऊन भाषणं ठोकून गेले होते, पहाटे शिट्ट्या वाजवून झाल्या होत्या, आणि एक वीट हलली नव्हती. पुढच्या श्रावणापर्यंत कुळातल्या झाडून सगळ्या घरांनी संडास बांधले. नुसते बांधले नाहीत, वापरलेही.

दुसऱ्या वर्षी तर माझ्या अंगावर काटाच आला. कानबाई बसली, नथ घातली, हार घातले, आणि पहिला दिवा लावायची वेळ आली. शेजारच्या घरात आबांची विधवा वहिनी होती. नवरा गेल्यापासून ती या दिवशी मागच्या अंगणातच थांबायची. आबांनी तिला हाक मारली. म्हणाले, कानबाईचा पहिला दिवा विधवा बाईच्याच हातचा असतो, जुनी चाल आहे, मधल्या काळात बंद पडली होती. म्हातारी पुढे आली. तिच्या हातातल्या दोन काड्या विझल्या. तिसरी आबांनी धरली आणि तिने वात लावली. कुणी हूं की चूं केलं नाही. मला रडू आलं, आणि देवासमोर रडू आल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "आबा, ही जुनी चाल कुठल्या पोथीत आहे?"

ते भाकरी थापत होते. "पोथीमा नही. कालदिन सकायले भाकर थापता थापता सुचनं."

"म्हणजे खोटं?"

"खोटंच. दहा वरीस खरं सांगी पाह्यं, बाई. कोनी आयकं नही."

मी हबकले. म्हणजे संडासाचंही तेच. मी विज्ञानाची बाई. वर्गात मुलांना सांगायचे, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा. आणि माझा घरमालक बिनधास्त देवीच्या तोंडी वाक्यं घालत होता. मी बरंच काही बोलले. फसवणूक, अंधश्रद्धा, सगळे शब्द वापरून झाले. आबांनी भाकरी तव्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "लोके बदलतस. पन 'बदला' असं सांगं का बिचकतस. 'जुनंच शे, मधमा बंद पडनं व्हतं' असं सांगं का हुई जास."

मी विचारलं, तुमचा तरी विश्वास आहे का तिच्यावर? तेव्हा मात्र ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. "इश्वास नही व्हता तं तिन्हा नाववर खोटं बोलानी मन्ही छाती व्हती का? ती मन्ही माय शे." आणि हवेतली दोरी ओढली.

त्यानंतर हुंड्याची पाळी आली. हुंडा घेऊन आलेल्या सुनेच्या हातचा रोट कानबाईला चालेना. हुशार मंडळींनी हुंड्याचं नाव भेटवस्तू केलं, तर आबा म्हणाले भेटीतल्या फ्रिजचं पाणीही चालत नाही. एका घरातून फ्रिज परत गेला. एकदा मुठी भरताना त्यांनी मध्येच एका पोरीचं नाव घेतलं. सगळे चमकले. "आबा, पोरीसनी मूठ?" कुणीतरी म्हणालं. आबांनी विचारलं, "कानबाई बाई शे का बुवा?" तो म्हणाला, "बाई." "मंग?" आबा म्हणाले आणि पोरीची मूठ ढिगात टाकली. तेव्हापासून कुळातल्या सगळ्या पोरींच्या मुठी पडू लागल्या. माझ्या वर्गातल्या दोघी दुसऱ्या दिवशी शाळेत कॉलर ताठ करून आल्या. खोटं असलं म्हणून काय झालं, असं मी त्या दिवशी स्वतःशी म्हणाले, आणि स्वतःचाच धसका घेतला.

आबांना एकच मुलगा. मोलगीच्या वरच्या अंगाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याच शाळेतली एक शिक्षिका त्याला आवडली. पावरा समाजातली, तिथलीच, डोंगरातली. दोघांनी नंदुरबारला जाऊन नोंदणी लग्न केलं. आठवडाभराने भाऊबंदांतले पाच-सहा वडीलधारे आबांच्या ओसरीवर जमले. मुलगाही आला होता, अंगणात मोटारसायकलला टेकून उभा होता. मी आत वह्या तपासत होते आणि कान बाहेर. मला कसलीच काळजी नव्हती. ज्या माणसाने घाटातल्या बाईसाठी बायकोला उभं केलं, तो काय बोलणार हे मला पाठ होतं. देवीच्या तोंडी आज कोणतं वाक्य येतं एवढीच उत्सुकता होती.

"आबा, सून डोंगरनी शे. रोट लाटाले बसी का? कानबाईले चालस का?"

आबा म्हणाले, "नही. चालत नही."

माझ्या हातातला गठ्ठा खाली पडला. बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. वडीलधारे चहा न घेता गेले, बहुधा तेही दचकले होते. मी बाहेर येऊन आबांना वाट्टेल ते बोलले. ढोंगी म्हटलं. इतरांच्या घरात सुधारणा आणि आपल्या घरात जातपात, असंही म्हटलं. ते दाराजवळच्या आपल्या जागेवर बसून ऐकत राहिले. दोरी ओढली नाही.

"मी आज 'चालस' म्हनतू," ते शेवटी म्हणाले, "तं उद्या लोके म्हनतीन, आबानी सोतानी सोयकरता देवी बोलाडी. मंग दिवा बी गया, हुंडाना नियम बी गया, पोरीसन्या मुठी बी गयात."

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज माझ्या पायरीवर भाजीची वाटी ठेवत राहिले. पुढच्या श्रावणापासून त्यांच्या घरची एकच मूठ पडू लागली, त्यांची स्वतःची. दीड वर्षाने त्यांना नात झाली. मुलगा बोलत नव्हता, पण सून फोनवर फोटो पाठवायची. आबा फोन घेऊन माझ्या दाराशी यायचे आणि म्हणायचे, "जरा मोठं करा." मी बोटांनी फोटो मोठा करून द्यायचे. ते कितीतरी वेळ बघत आणि परत जात.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या चुलत पुतण्याने खापरकडची एक भिल्ल मुलगी पसंत केली. पुन्हा तेच वडीलधारे, तीच ओसरी, तोच प्रश्न. आबा तांब्याभर पाणी प्यायले. म्हणाले, "कानबाईनं माहेर डोंगरमा शे. माहेरनी पोर उनी, तं तिले नही म्हनानी आपली टाप शे का?"

मी असलं काही कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनीही नसणार. पण माना डोलल्या. एक म्हातारा तर शपथेवर म्हणाला की त्याच्या आजोबांनी हे त्याला लहानपणीच सांगितलं होतं. लग्न धूमधडाक्यात झालं. मला काय वाटावं तेच कळेना. पुतण्याची बायको देवीच्या माहेरची, आणि स्वतःची सून?

मी विचारलंच. आबा म्हणाले, "आते भाऊबंद सोता बोलतीन. मन्हा तोंडतून नको. आते रस्ता मोकया हुई गया."

ते वाट बघू लागले. जेठ गेला, आखाड गेला. भाऊबंद येत, बसत, पाऊसपाणी, कपाशी, पपईचा रोग, सगळं बोलत. आबांच्या मुलाचा विषय कुणी काढत नसे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. पुतण्याची बायको तर साऱ्यांच्या कौतुकाची झाली होती. तिच्या सासूचा तिच्यावाचून पानाला हात लागत नसे. पण आबांच्या घरचा निकाल आबांनी एकदा दिलाय, आता देवी काही बोलेल तेव्हा बोलेल, असं त्यांचं चाललं होतं.

मुठीच्या आदल्या दिवशी आबांनी साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मुलाला फोन केला. म्हणाले, उद्या दुपारी सूनबाईला आणि नातीला घेऊन फाट्यावर येऊन थांब, भाऊबंद बोलवायला येतील. ही गोष्ट त्यांनी मला तेवढी सांगितली. मी म्हटलं, "आबा, कुणी आलंच नाही तर?"

"कोनी तं बोलीच," ते म्हणाले. "एक जन बोलना तरी बास." सकाळी त्यांनी दाढी केली. पोळपाट-लाटण्यांच्या ढिगातून एक जोडी वेगळी काढून घासली आणि भिंतीला उभी करून ठेवली.

दुपारी ओसरी भरली. पुरुष चटईवर, सुना डोक्यावर पदर घेऊन जात्याच्या बाजूला. नवी सूनही त्यांच्यात होती. मी नेहमीच्या पायरीवर. आबा एकेक घर घेत गेले. नाव, मूठ, वर चिमूट. पुतण्याच्या घराची पाळी आली तेव्हा सुनेचं कौतुक करून कुणीतरी चेष्टा केली, सगळे हसले. शेवटी आबांचं स्वतःचं घर राहिलं. त्यांनी मूठ गव्हात घातली आणि तशीच ठेवली.

"मन्हा घरन्या कितल्या मुठी?" त्यांनी विचारलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. एवढ्या माणसांत पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. पुतण्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघू लागला. त्याची बायको पदर तोंडावर धरून खाली बघत होती. दिवा लावणारी वहिनी होती, तिचे ओठ हलल्यासारखे मला वाटले, पण आवाज आला नाही. फ्रिज परत करणारा होता. ज्यांच्या पोरींच्या मुठी पडल्या ते बाप होते.

शेवटी आजोबांची शपथ घेणारा म्हातारा खाकरला. "आबा, तुम्हीच सांगा ना. कानबाई काय म्हनस?"

"कानबाई आज काहीच म्हनत नही," आबा म्हणाले. "तुम्हले इचारी ऱ्हायनू."

एक शब्द पुरे होता. 'तीन'. आबा, मुलगा, नात. मी मनात तो शब्द इतक्यांदा म्हटला की तो बाहेर पडलाय असं मला वाटलं. पण मी भाडेकरू, परगावची, देव न मानणारी. हा त्यांच्या घरचा मामला, आपण कशाला तोंड घालायचं. असं म्हणत मी बसून राहिले. आबांनी सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली. गाडी सुटण्याआधी शिटं मोजणारा कंडक्टर जसा सावकाश, एकही डोकं न चुकवता बघतो, तसं. त्या फेरीत माझाही चेहरा आला.

मग त्यांनी एकच मूठ भरली, वर चिमूट टाकली, आणि म्हणाले, "चला. दयाले लई जा."

गहू गिरणीकडे गेला. बायकांनी गाणं धरलं. भयंकर गोष्ट ही की सगळं लगेच पूर्ववत झालं. मी अजून पायरीवरच होते, आणि इकडे कुणी नारळ सोलत होतं, कुणी आरास बांधत होतं. मला तेव्हा त्या सगळ्यांचा संताप आला, आणि आबांचाही. वर्षानुवर्षं त्यांनी या लोकांना चांगलं वागायला लावलं, पण दर वेळी देवीच्या आडून. स्वतःच्या तोंडाने चांगलं बोलायची वेळ त्यांच्यावर कधी येऊच दिली नाही. मग आज ती त्यांना कुठून येणार होती?

आबा माझ्याजवळ आले. आवाज नेहमीचाच होता. "बाई, तुम्हनी गाडी काढा. फाटावर त्या उभा शेत. त्यासले सांगा, जा म्हना."

"तुम्ही या ना, आबा."

"मी उनू तं ती पोर मन्हा खांदावर येई," ते म्हणाले. "मंग माले परत येता येवाव नही." आणि ते आत गेले.

आबा आता नाहीत. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी ते गेल्याचं मला फोनवर कळलं. त्या सोमवारी नदीवर कानबाई शिरवताना, म्हणजे विसर्जनाला, त्यानंतरच्या श्रावणात, शेवटपर्यंत, त्यांनी देवीच्या नावाने नवीन एकही नियम सांगितला नाही. लोक वाट बघायचे म्हणे.

फाटा गावापासून दीड-दोन किलोमीटर. मी स्कूटरवर रडत होते की काय, आठवत नाही. बस थांब्याच्या पत्र्याखाली ते तिघं उभे होते. मुलाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तिने हिरवी साडी नेसली होती, खानदेशी पद्धतीने पदर घेतला होता. पिन नवी होती, पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. पोरीच्या डोळ्यांत काजळ. मला एकटीला येताना पाहून मुलगा काय ते समजला. तो तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागला.

तिला समजलं नव्हतं. ती हसली. "मॅडम, बाकीचे मागून येताहेत का?"

मी सगळं सांगितलं. आबांनी विचारलेला प्रश्न, म्हाताऱ्याचं उत्तर, एक मूठ. काही लपवलं नाही. ती शिक्षिका, नीट ऐकत होती.

"किती जण होते?" तिने विचारलं.

"साठेक तरी असतील."

"कोणी नाही म्हणालं का? आम्ही नको, असं?"

"नाही. तसंही कुणी म्हणालं नाही."

मोलगीकडे जाणारी जीप येऊन थांबली. मुलाने हात केला आणि पुढे होऊन जागा धरली. तिने पोरीला उचललं, माझ्याकडे वळली.

"तुम्ही होता ना तिथे?"

"होते." मग मी घाईघाईने म्हणाले, "पण मी त्यांच्या कुळातली नाही हो."

"मीसुद्धा नाही," ती म्हणाली, आणि जीपमध्ये चढली.